दुसरा कप

आमच्या खानदानाचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. परवा त्यावर पुतण्यानं विचारलं, रविवारी शेतात हुरडा ठेवलाय, कोण कोण येणार ते सांगा. उत्तरादाखल ओळीनं जोडलेले हात आले. पिवळेधमक, मनगटापाशी संपलेले, अत्यंत नम्र हात. त्यातल्या एकाही हाताचा मालक हुरड्याला येणार नव्हता, हे पुतण्यालाही कळलं आणि मलाही. धाकट्या भावजयीनं हातांच्या जोडीला गुलाबाचं फूल टाकलं होतं, म्हणजे ती तर अजिबातच येणार नव्हती. मी लिहिलं, "मी येणार नाही." पाठोपाठ धाकट्या भावाचा फोन आला, "अक्का, तब्येत बरी आहे ना? कुणी काही बोललं का तुला?"

तब्येत ठणठणीत होती आणि मला बोलण्याची कुणाची टाप नाही. गुडघे दुखतात, शेताच्या रस्त्यानं जीपमध्ये हाडं खिळखिळी होतात आणि हुरडा मला पचत नाही, म्हणून येणार नाही, एवढाच माझा मजकूर. पण आमच्या घराण्यात धडधाकट माणूस 'नाही' म्हणत नाही. तो शब्द तापात बरळताना निघाला तर माफ आहे.

यात ग्रुपमधल्या पोराबाळांचा दोष नाही. हात त्यांनी फोनमधून घेतले असतील, पण विद्या घरचीच आहे. आपल्या भाषेतच बघा ना. निघालेला माणूस 'येतो' म्हणतो. बांगडी फुटली तर ती 'वाढली'. अशा भाषेत ज्यानं उभा जन्म काढला त्यानं तोंडावर 'नाही' म्हणायचं म्हणजे भरल्या घरात शिंकण्यासारखं आहे. आणि या विद्येत आमच्या वडिलांचा, आबांचा, हात धरणारा अख्ख्या परभणी तालुक्यात कुणी नव्हता.

आमचं गाव झरीच्या रस्त्याला. शेती बऱ्यापैकी, बैल दोन जोड्या, बाहेर येणाऱ्याजाणाऱ्याला बसायला मोठी ढाळज, आणि ढाळजेत आबा. त्यांच्या दारातून रिकामा कुणी जात नाही, अशी आबांची पंचक्रोशीत ख्याती होती. ती शंभर टक्के खरी होती. माणसाच्या पोटात चहा असायचाच. कुणी पेरणीला बैलजोडी मागायला आला, कुणी लेकाला नोकरी लागावी म्हणून शिफारस मागायला आला, तर आबा त्याला बसवून घ्यायचे, आत हाक मारून चहा सांगायचे. काम करायचं असेल तर पहिल्या कपाबरोबरच विषय मिटायचा. "घेऊन जा की जोडी, विचारायलास काय," असं म्हणून आबा मोकळे. पण काम करायचं नसलं की आबांचा आवाज मऊ व्हायचा. घरच्यांची तब्येत, म्हशीचं दूध, लेकीचं बाळंतपण, सगळी विचारपूस व्हायची आणि मग आबा आतल्या दाराकडं तोंड करून म्हणायचे, "अजून एकदा."

अजून एकदा म्हणजे दुसरा कप. दुसरा कप म्हणजे न्हाई.

हे सगळ्या गावाला पाठ होतं. आमच्या घरून निघालेल्या माणसाला पारावर कुणी विचारलं, "काय झालं रे?" की तो म्हणायचा, "दोन कप." पुढं कुणी काही विचारायचं नाही. काही बेरकी लोक पहिला कप संपायच्या आत उठून पळायला बघायचे, म्हणजे दुसरा कप न आल्यामुळं आबा हो म्हणाले असं गावभर सांगता यावं. आबा त्यांचा हात धरून ठेवायचे. "आरं थांब, घाई काय हाय, लय दिवसांनी आलास." आतून चहा येईपर्यंत हात सुटायचा नाही. तो माणूस चहा प्यायचा, टोपी उचलायचा, "येतो आबा," म्हणायचा. आबा म्हणायचे, "या." कुणाचं मन मोडलं नाही, कुणाची इज्जत गेली नाही, फक्त काम झालं नाही.

आमची माय चुलीपाशी बसून हे दुसरे कप करायची. तिचं लग्न झालं तेव्हापासून तिनं दुसऱ्यांच्या वाटचा नकार गाळला, साखर घातली आणि कपात ओतला. तिला स्वतःला काही नको असेल तर ती काय करायची, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला पडला नव्हता. बायकांना नको असण्याची पद्धतच नव्हती.

ते नामांतराचे दिवस होते. औरंगाबादच्या विद्यापीठाला नाव द्यायचा ठराव झाला तेव्हा मी शाळेत होते. ठराव झाला आणि गावोगाव वस्त्या पेटल्या, माणसं मारली गेली. त्यानंतर वर्षामागून वर्षं सरकार एकच वाक्य बोलत राहिलं, की योग्य वेळी निर्णय घेऊ. आबा पेपरातलं ते वाक्य मोठ्यानं वाचायचे आणि कौतुकानं मान डोलवायचे. आपली विद्या थेट मुंबईपर्यंत पोचली, याचा त्यांना आनंद होत असावा. योग्य वेळी म्हणजे अजून एकदा, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

मी बारावी होऊन परभणीच्या कॉलेजात जायला लागले होते, रोज एसटीनं. त्याच गाडीला आमच्या गावच्या वस्तीतला एक मुलगा असायचा, माझ्यापुढं दोन वर्ग. एका संध्याकाळी तो आणि त्याचे दोन सोबती आमच्या दारात आले. गावातल्या चार मोठ्या माणसांनी नामांतराला पाठिंबा म्हणून निवेदनावर सह्या कराव्यात, असं त्यांचं म्हणणं. मोठी माणसं म्हणजे आबा आलेच. आबांनी त्यांना बसायला अंगणात पोतं टाकायला लावलं, सतरंजी नव्हे. चहा सांगितला. त्यांचे कप वेगळे. ते वळचणीला खोचलेले असायचे. घ्यायचेही त्यांनीच आणि पिऊन झाल्यावर धुवायचेही त्यांनीच. माय वरून चहा ओतायची. हे सगळं इतकं रोजचं होतं की कुणाच्या डोळ्यात खुपायचंही नाही. माझ्या त्या दिवशी खुपलं, कारण सकाळी एसटीत त्याच मुलानं स्वतः उभं राहून मला जागा दिली होती आणि मी बसले होते.

आबांचा आवाज मऊ झाला. ज्यांचं नाव द्यायचं ते किती थोर, त्यांच्याएवढा शिकलेला माणूस देशात झाला नाही, असं आबा मनापासून बोलले. वस्तीतल्या विहिरीला पाणी आहे का विचारलं. आणि मग आत तोंड करून म्हणाले, "अजून एकदा."

त्या मुलानं हातातला कप जमिनीवर पालथा घातला. शांतपणे म्हणाला, "आबा, न्हाई म्हणायचं तर न्हाई म्हणा. चहा कशाला वाया घालायलात?"

आबा गडबडले. "आरं, मी कुठं न्हाई म्हणलो?"

"तेच तर म्हणायलोय," तो म्हणाला आणि तिघंही उठून गेले. त्यांच्यातलं कुणीही 'येतो' म्हणालं नाही.

आबांना हे फार लागलं. सही केली नाही याचं नव्हे. चहाला नकार दिला याचं. पुढं कितीतरी दिवस ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, की आजकालची पोरं बघा, प्रेमानं दिलेल्या चहाला नाही म्हणतात, काय दिवस आलेत. तो कप अंधार पडेपर्यंत अंगणात तसाच पालथा पडून होता. शेवटी मायनं तो उचलला, राखेनं घासला आणि परत वळचणीला खोचला. मला आबांचा इतका राग आला होता की मी त्या रात्री जेवले नाही. घरच्यांनी त्याचा अर्थ काढला, की पोरगी कॉलेजात जाऊन दमायलीय.

आता माझ्याकडं येते. मला बी.ए. झाल्यावर बी.एड. करायचं होतं आणि शिक्षिका व्हायचं होतं. यापेक्षा मोठं स्वप्न मला तेव्हा माहीत नव्हतं आणि यापेक्षा लहान मला नको होतं. बी.ए.चं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. मी घरच्यांना माझ्या परीनं कळवून बघितलं. मान खाली घातली, तर म्हणाले लाजायली. रडले, तर म्हणाले सासरी जायच्या विचारानं माया दाटून आली. बोलणं बंद केलं, तर म्हणाले मौनं संमती. जिथं कपाच्या संख्येवरून सगळं गाव ओळखायचं की बैल मिळणार का नाही, तिथं माझा न्हाई वाचता येणारा एकही माणूस निघेना.

शेवटी मी ढाळजेत जाऊन आबांपुढं उभी राहिले आणि सांगितलं, "आबा, मला बी.एड. करायचंय. एक वर्षाचं असतं. नंतर बघा काय बघायचं ते."

आबांनी माझ्याकडं मायेनं बघितलं. म्हणाले, "शिक की. शिकलेलं कधी वाया जात न्हाई. बस." मग आत हाक मारली, "हिला चहा दे गं."

मी ढाळजेत बसून कधीच चहा प्याले नव्हते. आमच्यात पोरीसोरींना चहा चुलीपाशी आणि तोही उरलासुरला. मायनं कपबशी आणून दिली. पहिला कप पिताना मला खरंच वाटलं की जमलं. आबा कॉलेजचं विचारत होते, एसटीला गर्दी असते का विचारत होते, मास्तर कसे शिकवतात विचारत होते. त्यांचा आवाज मऊ होता. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

"अजून एकदा," आबा म्हणाले.

बैल मागायला आलेल्या माणसांच्या रांगेत मला बसवलं होतं. आणि गंमत अशी की मी मुकाट्यानं तो दुसरा कपही प्याले. त्या मुलासारखा पालथा घालायचं धाडस मला झालं नाही.

महिन्याभरात पूर्णेचं स्थळ आलं. आणलं होतं आमच्या पेडगावच्या मामानं, म्हणजे मायच्या भावानं. मुलगा रेल्वेत चिकटलेला, पूर्णा जंक्शनला. रेल्वेची नोकरी म्हणजे तेव्हा आमच्याकडं सोन्याहून पिवळी. क्वार्टर, पास, पेन्शन, मामा बोटांवर मोजून मोजून सांगत होता. मुलगा दिसायला कसा आहे, काय बोलतो, हे काही त्याच्या बोटांवर नव्हतं.

बघायला मुलगा, त्याचे वडील आणि दोन पाहुणे आले. ढाळजेत सतरंज्या टाकल्या. आमच्या बाजूनं आबा, मामा आणि शेजारचे चुलते, जे आमच्याकडच्या प्रत्येक बैठकीला न बोलावता असायचे. मी पोहे नेले, चहा नेला, पाटावर बसले. नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, चार पावलं चालूनही दाखवलं. मुलगा सारखा घड्याळाकडं बघत होता, गाडी चुकेल अशा चेहऱ्यानं. मग त्याच्या वडिलांनी आबांना विचारलं, "शिक्षण आता बस म्हणलं तर तुमची हरकत न्हाई ना?"

आबा म्हणाले, "तुमी म्हणाल तसं."

मी रिकामे कप गोळा करून आत आले. रागानं माझी कानशिलं तापली होती. तबक खाली ठेवलं आणि मायला म्हणाले, "अजून एकदा."

मायनं वर बघितलं. "कोण म्हणलं?"

"मी म्हणले."

मायचा हात डब्यावर होता, तो तिथंच राहिला. मला वाटलं, आता ही ओरडेल, मामाला हाक मारेल. चुलीतलं लाकूड तिनं पुढं सारलं. मग भगुण्यात पाणी ओतता ओतता तिनं विचारलं, "किती जणाचा टाकू?"

"समद्यांचा. मामाचा बी."

मायनं डबा उघडला आणि मोजमाप न करता साखर घातली.

तबक घेऊन मी ढाळजेत आले तेव्हा पहिली गोष्ट झाली ती अशी, की शेजारच्या चुलत्यांनी सवयीनं टोपी उचलली आणि उठून उभे राहिले. आमच्या ढाळजेत दुसरा चहा आला की उठायचं, हे त्यांच्या अंगवळणीच पडलं होतं. उभं राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आज आपण काहीच मागायला आलेलो नाही, आणि ते टोपी हातात धरून तसेच उभे राहिले. मामाचा चेहरा उतरला. त्यानं आबांकडं बघितलं, की तुम्ही कधी सांगितलंत? आबांनी तबकाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. मी मान खाली घातली नाही. आबांच्या जन्मात त्यांना कुणी त्यांचाच चहा पाजला नव्हता. त्यांना कळलं. एका क्षणात कळलं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

पूर्णेकरांना मात्र यातलं काही म्हणजे काही कळलं नाही.

रेल्वेतल्या माणसाला चहा म्हणजे पाणी. गाडी आली की चहा, गाडी गेली की चहा, गाडी लेट असली तर दोनदा चहा. मुलाचे वडील खूष झाले. "वा, परत? माणसं दिलदार हायेत हो," असं पाहुण्यांना म्हणाले आणि बशीत ओतून भुर्रकन प्याले. मिशी पुसत म्हणाले, "पोरीला पाहुणचाराची समज हाय. न सांगता दुसरा चहा घेऊन आली. आमाला पसंत हाय."

आबांनी घसा खाकरला. त्यांच्याजवळ होतं तेच शस्त्र त्यांनी बाहेर काढलं. आत तोंड करून म्हणाले, "अजून एकदा."

म्हणजे आता आबाही न्हाई म्हणत होते. आतून तिसरा चहा आला. पूर्णेकरांनी तोही घेतला. पाहुण्यांपैकी एक जण म्हणाला की परभणीकडच्या चहाला चवच न्यारी. आबांनी चौथा सांगितला. दूध संपलं होतं, माय शेजारून मागून आणायला गेली. आमच्या घराण्यात इतका कडक नकार आजवर कुणाला मिळाला नव्हता आणि मुलाचे वडील मांडीवर हात आपटून म्हणाले, "मग फोडू या सुपारी. माणसं ओळखायला वेळ लागत न्हाई."

आबांचा चेहरा मला आजही दिसतो. जन्मभर ज्या हत्यारावर भरवसा ठेवला ते ऐन वेळी बोथट निघालेला माणूस. त्यांनी मामाकडं बघितलं, मामा जमिनीकडं बघत होता. चुलते अजून उभेच होते. आबांनी ओठ उघडले, मिटले, परत उघडले.

"न्हाई," आबा म्हणाले.

"काय म्हणलात?"

"न्हाई म्हणलो. न्हाई जमायचं."

मला वाटलं, संपलं. पण पूर्णेकरही आपल्यातलेच. सुपारी फोडायच्या वेळी मुलीचा बाप न्हाई म्हणतो, म्हणजे देण्याघेण्याचं अडलंय, एवढं त्यांना चांगलं कळत होतं. मुलाचे वडील समजूतदारपणे हसले. "आवं, देण्याघेण्याचं बसून बोलू की. आमी कुठं अडून बसलोय? घड्याळ नका देऊ."

"न्हाई," आबा म्हणाले. आता त्यांना थोडी सवय झाली होती.

"बरं, अंगठी बी राहू द्या."

"न्हाई."

"लग्नाचा खर्च निम्मा निम्मा करू."

मामा एकदम सावध झाला. इतका फायदेशीर शब्द या घरात इतकी वर्षं पडून होता आणि कुणी वापरला नाही, याचं त्याला मनस्वी दुःख झालं असावं. तो आबांच्या कानाशी लागला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजला, "दाजी, अजून एकदा म्हणा. मोटारसायकल बी सुटती."

आबांनी त्याला हातानं बाजूला केलं. म्हणाले, "पावणं, देण्याघेण्याचं काई न्हाई. पोरीची मर्जी न्हाई."

घड्याळ, अंगठी, मोटारसायकल या सगळ्याचा अर्थ त्या बैठकीत लागत होता. पोरीची मर्जी ही गोष्ट कुणी याआधी ऐकलीच नव्हती. मुलाचे वडील मामाकडं बघून म्हणाले, "हे काय म्हणायलेत?" मामानं कपाळावर हात मारला. मग पूर्णेकर उठले. चार चार कप चहा पिऊन ते रागानं उठले, आणि जाताना त्यांनीही 'येतो' म्हटलं नाही.

मी कप गोळा केले. मुलाच्या जागेवर त्याचा दुसरा कप तसाच भरलेला होता, वर साय धरलेली. त्यामागचे दोन्हीही तसेच. त्यानं पहिल्यानंतर एकाही चहाला तोंड लावलं नव्हतं. त्याला काही कळलं होतं, का त्यालाही काही म्हणायचं होतं आणि त्याच्याही घरी त्याची सोय नव्हती, हे मला आजवर माहीत नाही. पुढं कधी पूर्णेवरून गाडी बदलायचा प्रसंग आला की मी फलाटावर उगाच माणसांचे चेहरे बघते.

गावात बातमी पसरली की आबा न्हाई म्हणाले. लोक एकेक करून तब्येत बघायला आले. एकानं विचारलं, लकवा तर मारला नाही ना. एकानं लिंबू उतरवून टाकायला सांगितलं. आबा सगळ्यांना चहा द्यायचे, एकेकच. मामा वर्षभर आमच्याकडं आला नाही. मी बी.एड. केलं, मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, आणि नंतर माझ्या मर्जीनं लग्नही झालं, पण ती वेगळी कथा आहे आणि फारशी मजेशीर नाही. आबांबद्दल एवढंच सांगते, की त्या दिवसानंतर तो शब्द त्यांच्या तोंडून परत कुणी ऐकला नाही. वळचणीचे कपही बरीच वर्षं वळचणीलाच होते. माझ्यासाठी आबा बदलले, जगासाठी नाही. याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा, आता त्याचाही राग येतो.

मग तो जानेवारी आला. विद्यापीठाची पाटी बदलली. इतक्या वर्षांच्या दुसऱ्या कपानंतर सरकारनं एकदाचा निर्णय घेतला, तोही अर्ध्यावर तोडगा काढून, जुनं नाव ठेवून नवं जोडून. परभणीच्या बसस्टँडवर मला तो एसटीतला मुलगा भेटला. आता तोही मास्तर होता. त्यानं मला पेढा दिला. मग कागदात गुंडाळून अजून एक दिला. "आबांना द्या," म्हणाला.

मी त्या दिवशी आबांनाच आणायला चालले होते. त्यांच्या छातीत दुखायला लागलं होतं आणि परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की औरंगाबादला नेऊन ऑपरेशन करा, नाहीतर भरवसा नाही. मी रजा काढली होती, गावातलीच जीप ठरवली होती, दवाखान्यात बोलून ठेवलं होतं. मी घरी पोचले तर आबा ढाळजेत शाल घेऊन बसलेले. मी पेढा दिला, कुणी दिला ते सांगितलं. आबांनी तो बराच वेळ हातात धरला. म्हणाले, "सही करायला काय जात होतं माझं." मग पेढा खाल्ला, सावकाश, सगळा.

मायनं चहा आणला. मी त्यांना सगळं सांगितलं, डॉक्टर चांगला आहे, चार-आठ दिवसांत चालायला लागाल, मी सोबत आहे. आबा सगळं ऐकत होते. मध्येच त्यांनी शाळेचं विचारलं. पोरं हुशार आहेत का, एसटी वेळेवर मिळते का. त्यांचा आवाज मऊ होता.

"येतो की," आबा म्हणाले. "तू म्हणतीस तर येतो." आणि आतल्या दाराकडं तोंड केलं. "अजून एकदा."

बऱ्याच उशिरानं आतून भगुणं चुलीवर ठेवल्याचा आवाज आला.

मी म्हणाले, "आबा, न्हाई म्हणायचं तर न्हाई म्हणा."

आबा हसले. "तुझ्यासाठी म्हणलो ना एकदा. तेवढ्यातच जीव गेला होता माझा. आता कुठं जमतंय."

मायनं माझ्यापुढं कप ठेवला आणि ती दाराला टेकून उभी राहिली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. कप पालथा घालावा, आरडाओरडा करावा, दोन गडी बोलावून त्यांना उचलून जीपमध्ये घालावं, हे सगळं माझ्या मनात आलं. घातलंही असतं. पण भरल्या ढाळजेत, सगळ्या पाहुण्यांत, माझा न्हाई या एका माणसानं वाचला होता.

चहात साखर फार पडली होती. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्याले, उठले, आणि बाहेर जाऊन जीपवाल्याला सांगितलं, की आबा येणार नाहीत.